अंकुशरावांचे उपकार

आषाढी एकादशीला शकुबाईंनी देवापुढं हातावरून पाणी सोडलं, की कार्तिकीपर्यंत खोटं बोलणार नाही आणि कोणाची निंदा करणार नाही. वांगं आणि कांदा त्या दरसाल सोडतच. यंदा वाटलं, पोटाऐवजी जिभेलाच काही लावून बघावं.

पहिले तीन दिवस शकुबाईंना बरे गेले आणि घराला जड. शेजारची बुधरी रोजच्यासारखी येऊन पुढच्या सपरीत, ओसरीवर, टेकली, सरपंचाच्या सुनेचं नाव काढून वाट बघत बसली, आणि इकडून नुसतंच “हो काय?” येतंय म्हटल्यावर अर्धा कप चहा तसाच ठेवून उठून गेली. वारलूभाऊ तर वैतागलेच. “व्रत ठीक हाय,” ते बायकोला म्हणाले, “पण गावात काय चालू हाय ते मले आता कोण सांगन?”

चौथ्या दिवशी दुपारी ऊर्जानगरहून प्रवीण आला. वारलूभाऊंचा हा धाकटा भाऊ तिथल्या वीज केंद्रात साहेब होता आणि एरवी पोळ्याला किंवा कोणाच्या मौतीलाच सावरटोल्यात दिसायचा. बरोबर त्याची बायको उर्वशी होती. गाडीतून एक खोकं निघालं, शालीची पिशवी निघाली, आणि शेवटी गुंडाळलेला एक लांबलचक फ्लेक्स निघाला. तो सपरीभर उलगडला. वरती हात जोडलेला प्रवीण, दाराएवढा. खाली कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ, आधारकार्डावर असतात तेवढे. मधे लाल अक्षरांत ‘गुरुजन कृतज्ञता सोहळा’.

वारलूभाऊंनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. “यातला गुरू कोणता गा?”

“दादा, खालचे. अंकुशराव सर. ओळखलं नाई काय?”

“ओळखीन कसा? त्याले गावात पाहून तीस-बत्तीस वर्षं झाली. आन् होते तेव्हाबी पाहाले कुठी भेटत होते!”

शकुबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि ओठ मिटून घेतले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण सगळं खरं होतं आणि सगळी निंदा होती.

उद्या गुरुपौर्णिमा. उद्या अकरा वाजता समाजमंदिरात सोहळा, असं प्रवीणनं परस्पर ठरवून टाकलं होतं. कारण उघड होतं आणि त्यानं ते लपवलंही नाही. अंकुशराव सरांनी निवृत्तीनंतर चिमूरच्या वाटेवर इंग्रजी शाळा काढली होती, ‘अंकुश कॉन्व्हेंट’. तिथं उर्वशीला शिक्षिकेची जागा हवी होती. तिथंच पहिलीत एक प्रवेश शिल्लक होता, आणि तो शकुबाईंच्या नातीला, दीपिकाला, मिळण्यासारखा होता. मुदत संपून महिना झाला होता. पण अध्यक्षांनी मनात आणलं तर मुदतीचं काय! आणि अध्यक्षांच्या मनात सध्या एकच गोष्ट होती. कुठल्याशा जीवनगौरव पुरस्कारासाठी त्यांनी अर्ज भरला होता, ‘ग्रामीण महिला साक्षरतेचे शिल्पकार’ म्हणून. त्याला पुरावा पाहिजे होता. ज्या बाईला सरांनी अक्षर शिकवलं, ती बाई उभी राहून बोलतेय, असा व्हिडिओ.

“अशी बाई कोण हाय?” वारलूभाऊंनी विचारलं.

सगळ्यांनी शकुबाईंकडे बघितलं.

“मले?” शकुबाई म्हणाल्या. “मले सरांनी शिकवलं? मी लग्न होऊन आली तेव्हा मले अ येत नव्हता. आन् मले शिकवलं ते गिरजाबाईंनी. साऱ्या गावाले माहीत हाय.”

“गावाला माहीत असून काय उपयोग?” उर्वशी गोड आवाजात म्हणाली. ती मूळची नागपूरची, आणि सासरी आली की तिचं मराठी आणखीच शुद्ध व्हायचं. “कागदावर आलं पाहिजे. मी भाषण टाईप करूनच आणलंय, वहिनी. तुम्ही फक्त वाचायचं.”

कागद शकुबाईंच्या हाती आला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला, ओठ हलवत. ‘मी अज्ञानाच्या अंधारात चाचपडणारी एक अबला होते. अशा वेळी आदरणीय सरांनी माझा हात धरून…’

“हात धरून?” वारलूभाऊ दचकले. “हे वाक्य काढा बाप्पा. मी अजून जिता हाय.”

“दादा, भाषणात असं असते,” प्रवीण म्हणाला. “वहिनी, यात खोटं काय हाय? आभार मानणं हे खोटं असते काय? तुमच्या व्रतालेबी धक्का नाई.”

“मंग तुमीच बोला ना भाऊजी. तुमी तं त्यांचे विद्यार्थी. चार वर्षं त्यांच्या हाताखाली होते.”

“मी बोलणारच हाय. आठवणी काढून ठेवल्या.”

“सांगा एखादी.”

प्रवीणनं घसा साफ केला. सुपारी कातरली. खांबाकडे बघितलं. शेवटी म्हणाला, “सरांची सायकल एकदा पंक्चर झाली. मी ते चिमूरपर्यंत ढकलत नेली.”

“छान,” उर्वशीनं लगेच लिहून घेतलं. “गुरूंनी श्रमसंस्कार केले.”

“आणखी?”

“त्यांच्या वावरात आमी कापूस वेचाले जात होतो. पूर्ण चौथी.”

“निसर्गशिक्षण.”

“पाढे?” शकुबाईंनी विचारलं.

“पाढे त्याले मी शिकवले,” वारलूभाऊ मधेच बोलून गेले. “नागर हाकता हाकता. एकोणतीसच्या पाढ्याले बैल थांबायचे, हा नाई थांबायचा.” मग भावाचा चेहरा बघून ते सावरले. “पण ते सोड. शकू, एका दिवसाचं काम हाय. पोरीची जागा व्हते. बोलून टाक.”

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं त्यांना ‘बोलून टाक’ म्हणण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. शकुबाईंनी कागदाची घडी केली आणि आत गेल्या.

आत दिव्यानी उद्याच्या भाजीसाठी आलू सोलत होती. सून तशी शांत पोर. नवरा विक्की अहेरीच्या लाकूड डेपोवर कामाला, महिन्यातून दोनदा घरी यायचा. म्हणून सासूशीच तिचं जास्त बोलणं. आज मात्र ती मान वर न करता सोलत राहिली. सालीबरोबर निम्मा आलूही जात होता.

“तुले काय वाटते?” शकुबाईंनी विचारलं.

“माह्या वाटण्यानं काय व्हते आई?” दिव्यानी म्हणाली. मग चाकू खाली ठेवला. “मागच्या वर्षी मी ऊर्जानगरच्या त्या दवाखान्यात काउंटरच्या नोकरीले गेली होती, आठवते? त्यांनी मले इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. मले समजला. उत्तरबी येत होतं. पण तोंडातून निघालंच नाई. ते हसले नाई हो, चांगले होते. पाणी देल्लं मले प्याले. मी पाणी पिऊन घरी आली.” तिनं पुन्हा चाकू उचलला. “तुमचं व्रत कार्तिकीले सुटन. दीपिकाची पहिली परत येणार हाय काय?”

शकुबाईंनी दुसरा चाकू घेतला आणि सुनेशेजारी आलू सोलायला बसल्या. हात चालू राहिले आणि मन तीस-बत्तीस वर्षं मागं गेलं.

अंकुशराव सर बदलून गेले आणि गिरजाबाई मडावी आल्या, तेव्हा शकू पंचवीस वर्षांची होती. बाई अहेरीकडच्या, गोंडांच्या. शकूच्या सासूनं पहिल्याच दिवशी त्यांच्यासाठी एक जर्मन धातूचा पेला वेगळा काढून ठेवला, खिडकीत, घरच्या भांड्यांना शिवणार नाही असा. बाईंनी त्यातून पाणी प्यायलं. मग पिशवीतून खिळा काढून त्या पेल्यावर ‘पेला’ असं कोरलं आणि म्हणाल्या, “आजी, आता चुकून दुसऱ्याचा घेणार नाई मी. आन् तुम्हीबी वाचून ओळखाल.” सासू आठ दिवस धुसफुसली. नवव्या दिवशी देवळात पोथीत ‘पे’ दिसला तेव्हा ती भर कीर्तनात ओरडली, “हे माह्या घरचं हाय!” पेला मग इतर भांड्यांतच राहायला लागला. म्हातारीनं त्याचं कारण कधी सांगितलं नाही, पण वाचताना मात्र ती बोट लावून दाखवायची.

तेव्हा साक्षरतेचे वर्ग निघाले होते. बायांनी संध्याकाळी कंदील घेऊन यायचं असा सरकारचा हुकूम. धानाच्या रोवणीच्या दिवसांत दिवसभर वाकून संध्याकाळी कोण येणार! शाळेत बाई एकट्या कंदिलासमोर बसलेल्या. तिसऱ्या दिवशी त्या सकाळी बांधीत, धानाच्या शेतात, आल्या, लुगडं खोचलं आणि बायांच्या रांगेत उतरल्या. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, हातात घेऊन मागं मागं सरत रोवायचं. बाईंना ते येत होतं, चांगलंच येत होतं. दुपारी बाकीच्या धुऱ्याच्या बांधावर भाकर खायला बसल्या तेव्हा बाई म्हणाल्या, “शकू, इकडं ये. हे पऱ्हे मी सांगतो तसे लाव.” एक गाठ, मग खाली दांडा, मग उभी रेघ. चिखलात हिरवा ‘श’ उभा राहिला. मग ‘कु’. शकूला आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा ती रोवणं सोडून उभीच राहिली.

तेवढ्यात वारलूभाऊ धुऱ्यावरून ओरडत आले. “हे कोणतं वाकडं रोवणं होय? पुरी ओळ बिघडली!” आणि बांधीत पाय टाकणार, तोच बाई म्हणाल्या, “थांबा भाऊ. तुमच्या बायकोचं नाव हाय ते. पाय देऊ नका.”

वारलूभाऊंचा पाय तसाच वर राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला. त्या साली वारलूभाऊ बोरकुट्यांच्या बांधीत धानाबरोबर शकूचं नाव गुडघाभर वाढलं, आणि पुढं महिनाभर गावातल्या बाया भांडत होत्या, की माझं कधी, माझं कधी.

सकाळी पूजा आटोपून शकुबाईंनी अहेरीला फोन लावला. दरसाल गुरुपौर्णिमेला लावायच्याच.

“बाई, पाया पडतो.”

“फोनवर काऊन पडून राह्यली? पाय इथी अहेरीत हायेत माझे,” तिकडून आवाज आला. निवृत्तीला चार-पाच वर्षं झाली तरी आवाजातला वर्ग काही सुटला नव्हता. “मागच्या पत्रात तुनं सात चुका केल्या. लाल पेन लावून ठेवलंय, विक्कीच्या हाती धाडतो.”

शकुबाईंनी सगळं सांगितलं. जागा, पुरस्कार, टाईप केलेला कागद, व्रत. मग बाई हसल्या असाव्यात.

“मले काय विचारतेस? मले शाल नको. इथी आधीच उकडून राह्यलं.”

“पण मी काय बोलू, बाई?”

“दुसऱ्याचा कागद वाचाले मी तुले शिकवलं नव्हतं. निबंध लिहायचा असला तं पहिले काय करायचं, सांगितलं होतं ना? मुद्दे काढायचे. चौदा वर्षं होता तो माणूस. काढ मुद्दे. खरे खरे. आन् पाच ओळींच्या वर बोलू नको, बाया उपाशी राहातीन.”

फोन ठेवून शकुबाईंनी उर्वशीचा कागद पालथा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला बसल्या. अर्धा तास लागला. लिहिताना एकदा त्या थांबल्या, वाचलं, आणि पदर तोंडाला लावला. दिव्यानीनं दारातून बघितलं. तिला वाटलं, सासू रडतेय. तिला वाईट वाटलं.

अकरा वाजता समाजमंदिर भरलं. रोवणीच्या दिवसांत माणसं कुठून आणणार, म्हणून प्रवीणनं भावाच्या बांधीतली रोवणीच अर्धा दिवस थांबवली होती. बावीस बाया पोटऱ्यांवर चिखल घेऊन तशाच आल्या आणि सवयीनं बांधीत लागतात तशाच ओळीनं बसल्या. जेवण आहे असं सांगितलं होतं. बुधरी सगळ्यांत पुढं.

अंकुशराव सर आले. अठ्ठ्याहत्तरीतही केस काळेभोर, पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं. प्रवीणनं पितळी परातीत त्यांचे पाय धुतले. पाय गोरे, मऊ, लोण्यासारखे. सावरटोल्याचा चिखल त्यांना चौदा वर्षांत कधी लागला नव्हता. आजही लागला नाही, गाडी थेट पायरीपर्यंत आणली होती. शाल झाली, नारळ झाला. प्रवीणनं सायकलची आठवण सांगितली. ती सांगताना त्याचा आवाज भरून आला, कारण पंधरा किलोमीटर होतं.

मग उर्वशीनं मोबाइल स्टँडवर लावला आणि माइकमधे म्हणाली, “आता सरांनी ज्यांच्या आयुष्यात अक्षरांचा प्रकाश आणला, त्या शकुबाई बोरकुटे मनोगत व्यक्त करतील.”

पहिल्या ओळीत खसखस पिकली. वारलूभाऊ खाली बघायला लागले. दिव्यानी दीपिकाचा हात घट्ट धरून भिंतीला उभी होती, आणि सासूकडे अशी बघत होती की शकुबाईंना ती नजर पाठीत लागली.

त्या माइकपाशी गेल्या. वाकून सरांना नमस्कार केला. कागद उघडला. उर्वशीच्या लक्षात आलं, की छापलेली बाजू तर लोकांकडे आहे.

“सर, बाया, भाऊ,” शकुबाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. “सरांचे आमच्या गावावर लय उपकार हायेत. ते कोणी सांगतच नाई. मी आज सांगून राह्यली.

“सर आमच्या शाळेत चौदा वर्षं होते. चौदा वर्षांत त्यांनी एकाही पोरावर हात उचलला नाई. कोणाले शिवी नाई, कोणाले छडी नाई. गावात विचारून पाहा. एकाही पोराच्या अंगावर सरांचं बोट उमटलं असन तं दाखवा.”

सरांनी मान हलवली. बुधरीनं पदर तोंडात कोंबला.

“सरांनी कोणाले नापास केलं नाई. सगळे पास. जे शाळेत आले ते पास, आन् जे नाई आले तेबी पास. सरांच्या मनात भेदभाव नव्हता.

“सरांनी सरकारचा एक खडू वाया घालवला नाई. गिरजाबाई आल्या तेव्हा कपाटात चौदा वर्षांचे खडूचे डबे होते, सील न फोडलेले. बाईंनी तेच वापरले. त्याच खडूनं बाई आमाले शिकवून राह्यल्या होत्या. सरांनी ते सांभाळून ठेवले नसते, तं बाईंनी कायनं शिकवलं असतं?

“पंधरा ऑगस्ट आन् सव्वीस जानेवारी सरांनी कधी चुकवले नाई.”

आता ओळीतल्या बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हलत होत्या. कुणी मोठ्यानं हसत नव्हतं. नुसती ओळ हलत होती, वाऱ्यात धान हलतं तशी. प्रवीण उठून उभा राहिला. पण उठून म्हणणार काय? ‘खोटं आहे’ म्हणता येत नव्हतं. ‘खरं आहे’ म्हणता तर त्याहून येत नव्हतं. तो पुन्हा बसला.

“आन् शेवटचं,” शकुबाईंनी इथं कागद जरा खाली घेतला. “सर रोज येत असते, तं वरच्या साहेबानं कधी चौकशी केली नसती. साहेब आले तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात बकऱ्या बांधून होत्या. म्हणून सरांची बदली झाली. म्हणून गिरजाबाई आल्या. आमच्यासंग चिखलात उतरल्या, आन् पऱ्ह्यांनी आमची नावं रोवली. ह्या सामने बसल्या त्या अर्ध्या बाया सही करतेत, पोथी वाचतेत, पोराचं औषध वाचून देतेत. ते बाईंचं. पण बाई आल्या त्या सरांमुळं. सर, तुमी जे नाई केलं, त्याचे उपकार आमी जनमभर फेडू शकत नाई.”

वारलूभाऊंनी पहिली टाळी वाजवली. मुद्दाम वाजवली की हातून वाजली, हे त्यांनी पुढं कधीच सांगितलं नाही. मग बावीस बायांनी चिखलाच्या हातांनी अशा टाळ्या वाजवल्या की पुढच्या खुर्च्यांवर शिंतोडे उडाले.

आणि अंकुशराव सर रडत होते.

खरोखर रडत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, माइक हातात घेतला. “बाई,” ते म्हणाले, “आज मी धन्य झालो. चौदा वर्षांत मी एका मुलाला मारलं नाही, हे इतक्या वर्षांत कोणी नोंदवलंच नव्हतं. शासनाचा खडूसुद्धा मी जपला, याची दखल आज एका साध्या शेतकरी महिलेनं घेतली. आणि माझ्यामुळे त्या… त्या मडावी बाई या गावाला मिळाल्या, हा विचार तर माझ्याही मनात कधी आला नव्हता. हे सगळं मला लिहून द्या. पुरस्काराच्या अर्जाला जोडतो.” मग टाळ्यांच्या भरात त्यांनी तिथंच जाहीर करून टाकलं, की प्रवीणरावांच्या सौभाग्यवती सोमवारपासून रुजू होतील, आणि या माउलीच्या नातीला पहिलीत प्रवेश दिला आहे.

जेवणं झाली. सरांनी बुंदी दोनदा घेतली. जाताना शकुबाईंच्या हातून कागद मागून घेतला, घडी करून दोन पेनांच्या मागं ठेवला. दिव्यानीच्या हाती प्रवेशाचा छापील अर्ज दिला, “उद्या दाखला घेऊन या,” म्हणाले, आणि गाडी गेली.

समाजमंदिराच्या मागच्या ओट्यावर मग घरचीच पाच माणसं उरली, आणि पोरगी बुंदीच्या पातेल्यापाशी.

“वहिनी, तुमी माही इज्जत घालवली!” प्रवीण फुटला. साहेबी रुबाब केव्हाच गळून पडला होता. “पूर्ण गाव दात काढून राह्यलं होतं!”

“कोणता शब्द खोटा होता, भाऊजी? सांगा. मी मागं घेतो.”

“शब्दाचं नाई बोलून राह्यलो मी!”

“मंग निंदा केली काय कोणाची?”

“अरे, जाऊ दे ना,” वारलूभाऊ म्हणाले. त्यांना अजून हसू आवरत नव्हतं. “सायकल ढकलली ते तुले आठवते, आन् व्हरांड्यातल्या बकऱ्या आपल्याच होत्या ते आठवत नाई?”

प्रवीण भावाकडे बघतच राहिला. काल हाच दादा आपल्या बाजूनं होता. त्यानं बायकोकडे बघितलं.

“मला कळलं सगळं,” उर्वशी स्टँड मिटवत म्हणाली. “पण सरांना कळलं नाही ना? सोमवारपासून जॉइन व्हायचं तर मी आता याच्यावर भांडणार नाही. वहिनी, तुम्ही छान बोललात.” आणि ती सामान आवरायला निघून गेली.

“चला,” प्रवीण खांदे पाडून म्हणाला. “झालं ते झालं. पोरीचं तं काम झालं. दिव्यानी, तो अर्ज आण इकडं, भरून देतो.”

दिव्यानीनं अर्ज दिला नाही. ती तो वाचत होती. मागून-पुढून, वरून-खालून. शकुबाईंना वाटलं, आता ही सगळ्यांचं ऐकून आपल्याला काय ऐकवणार? ऐकवलं तर ऐकून घ्यायचं, असं त्यांनी मनात ठरवलं. जागा मिळाली होती. काल हिनं मागितलं होतं ते सगळं हिच्या हातात होतं.

दिव्यानीनं अर्जाची चार घड्यांची घडी घातली आणि ती काकासासऱ्यांच्या हातात परत ठेवली.

“काकाजी, हे ठेवा.”

“आता काय झालं तुले? कालपर्यंत तं तूच…”

“कालपर्यंत होतं,” दिव्यानी म्हणाली. तिच्या पापण्या ओल्या होत्या आणि तिला हसूही येत होतं. “आई पाच मिनिटं बोलल्या. बुधरीबाईले समजलं. माह्या दीपिकाले समजलं, ते मले विचारून राह्यली होती, का आई, सर शाळेत येतच नव्हते काय? ज्या माणसाले एवढं सोपं मराठी समजलं नाई, तो माह्या पोरीले इंग्रजी शिकवन?”